बाबांच्या एडिटिंग रूममधला मॉनिटर

प्रश्न : माझ्या वडिलांचा मिरजेत लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा व्यवसाय होता. २०१० च्या सुमारास त्यांनी तो बंद केला. आता जुनं घर सोडून आम्ही फ्लॅटमध्ये जातोय, त्यामुळे एडिटिंगची खोली रिकामी करायची आहे. तिथे दोन जुने डबा मॉनिटर आहेत. एक सोनीचा लहान, राखाडी. मागे पीव्हीएम-१४एम२ई असं लिहिलंय. दुसरा कॉम्प्युटरचा, १७ इंची सॅमसंग सिंकमास्टर. भंगारवाला दोन्हींचे मिळून ४०० रुपये म्हणतो. भाच्याने सोनीचा चालू असतानाचा फोटो ऑनलाइन टाकला, तर जुने गेम खेळणाऱ्या मुलांचे दोन दिवसांत पंधरा मेसेज आले. पुण्याचा एक जण १८,००० देतो, कुरियर करा म्हणतो. दुसरा म्हणतो, पडद्यावर आडवी बारीक रेघ दिसतेय, ट्यूब गेलीय, ५,००० च्या वर देणार नाही. तिसऱ्याने क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन केला की ॲडव्हान्स जमा होईल म्हणे. हा डबा कुणाला कशाला हवा असेल, तेच कळत नाही. बाबांना विचारलं तर "काय करायचं ते करा" म्हणतात आणि उठून जातात. काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर :

ताई, तुमच्या तीन गिऱ्हाइकांपैकी एकाला आजच बाजूला करा. क्यूआर कोडवाल्याला. आपल्याला पैसे यायचे असतील तर आपण काही स्कॅन करायचं नसतं आणि यूपीआयचा पिन तर मुळीच टाकायचा नसतो. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, येत नाहीत. जुन्या वस्तू विकायला निघालेल्या कितीतरी लोकांना असं फसवलं गेलंय. त्याचा नंबर ब्लॉक करा आणि भाच्यालाही समजावून सांगा, कारण पुढचा असा मेसेज बहुधा त्याच्याच फोनवर येईल.

आता ती रेघ. तिच्याबद्दल वाचून मला आनंद झाला, कारण ती ट्रिनिट्रॉन ट्यूबची खूण आहे. सोनीने ही ट्यूब १९६८ मध्ये आणली. इतर रंगीत ट्यूबमध्ये काचेच्या मागे बारीक भोकांचा धातूचा पत्रा असतो. ट्रिनिट्रॉनमध्ये त्याच्या जागी केसासारख्या बारीक उभ्या पट्ट्या ताणून बसवलेल्या असतात. तुम्ही सतारीच्या गावच्या, ताणलेली तार जरा धक्का लागला की कशी थरथरते हे तुम्हाला मी सांगायला नको. या पट्ट्या थरथरू नयेत म्हणून त्यांना एक अतिशय बारीक आडवी तार टेकवलेली असते. तिची सावली पांढऱ्या किंवा फिक्या चित्रात रेघेसारखी उमटते. लहान ट्यूबला अशी एक तार असते, मोठ्यांना दोन. कारखान्यातून मॉनिटर निघाला त्या दिवशीही ती रेघ तिथे होतीच. ५,००० वाल्याला एवढं एकदा नीट सांगा. ज्याला खरंच माहीत नव्हतं तो माफी मागून भाव सुधारेल. जो तरीही रेघेवरच अडून बसेल त्याच्याशी व्यवहार नको.

"हा डबा कुणाला कशाला हवा" हा तुमचा प्रश्न मात्र थोडा वेळ घेऊन समजून घ्यायला हवा. समोरच्याला नेमकं काय हवंय ते कळलं नाही तर आपण एकतर मातीमोल विकतो, नाहीतर भलताच भाव धरून बसतो.

आपल्याकडचं जुनं टीव्हीचं चित्र ६२५ रेषांचं आणि सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत यायचं, एकदा एकाआड एक रेषा, मग त्यांच्या मधल्या. निन्टेन्डो, सेगा, पहिलं प्लेस्टेशन या जुन्या गेम मशीनांच्या बहुतेक गेम्समध्ये रेषा प्रत्येक वेळी त्याच जागी काढल्या जात आणि मधल्या जागा काळ्या राहत. त्यामुळे चित्र लुकलुकत नसे, आणि पडद्यावर ज्या काळ्या फटी दिसत त्या धरूनच तेव्हाच्या चित्रकारांनी एकेक ठिपका बसवला होता. आजचा एलसीडी टीव्ही हेच चित्र घेतो, दोन हप्त्यांचं समजून जोडायला बघतो, ताणून मोठं करतो आणि या सगळ्या हिशेबात वेळ घालवतो. बटण आता दाबलं आणि उडी जराशा उशिराने लागली, असं होतं. ट्यूबमध्ये हिशेब नसतोच. सिग्नल आला तसा इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर पडतो. शिवाय ट्यूबवरचा ठिपका क्षणभर चमकून विझतो, त्यामुळे वेगाने सरकणारं चित्र फिसकटत नाही. अमेरिकेत सुपर स्मॅश ब्रदर्स मेले या २००१ च्या गेमच्या स्पर्धांना लोक अजूनही डबा टीव्ही उचलून नेतात, ते यासाठीच.

नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत कुणाच्या तरी घरी टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम असायचा, पिवळी कॅसेट आणि बदकं मारायची बंदूक. आठवतेय? ती बंदूक आजच्या टीव्हीवर चालत नाही. चाप ओढला की पडदा निमिषभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतला डोळा तो उजेड टिपतो. नव्या टीव्हीवर तो चौकोन उशिरा येतो. बंदुकीला ठरल्या क्षणी उजेड दिसत नाही आणि नेम कितीही अचूक असला तरी बदक उडून जातं. ती बंदूक पुन्हा चालावी एवढ्यासाठी डबा टीव्ही शोधणारे चाळिशीतले गृहस्थ मी पाहिलेत. त्यांना त्यात जे मिळतं ते मला पूर्ण समजतं.

मग घरोघरीचा डबा टीव्ही सोडून तुमच्याच मॉनिटरवर एवढ्या उड्या का? पीव्हीएम म्हणजे प्रोफेशनल व्हिडिओ मॉनिटर. स्टुडिओत, एडिटिंगला, इस्पितळांत वापरायला बनवलेला. त्यात लाल, हिरवा, निळा हे तीन रंग (आरजीबी) वेगवेगळ्या तारांनी घालता येतात, आणि जुन्या गेम मशीनमधून सगळ्यात स्वच्छ चित्र मिळतं ते असंच. टीव्ही सिग्नलच्या पाल (आपल्याकडची) आणि एनटीएससी (जपान-अमेरिकेतली) या दोन्ही पद्धती त्याला चालतात, त्यामुळे जपान-अमेरिकेतून आणलेलं मशीनही लागतं. तुमच्या एम२ ची आडवी स्पष्टता, म्हणजे एका ओळीत किती बारीक तपशील दिसतो त्याचं माप, ६०० रेषांची (वरच्या ६२५ शी याचा संबंध नाही), त्याच मालिकेतल्या एम४ ची ८००. कुणी "एम४ नाही ना" म्हणून भाव पाडायला लागलं तर दबू नका. ६०० रेषांच्या ट्यूबवर चित्र थोडं मऊ दिसतं आणि गेमसाठी मला स्वतःला तेच जास्त आवडतं.

आणि नवीन ट्यूब आता मिळणार नाहीत. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा अख्खा धंदा विकत घेतला होता. ट्यूबला अजून बरीच वर्षं आहेत, असाच तेव्हा हिशेब असणार. थोड्याच वर्षांत सपाट पडद्यांनी सगळं पुसून टाकलं. आता आहे तो साठा, आणि तो रोज थोडाथोडा भंगारात जातोय. माझ्या घरचा २१ इंची टीव्ही मी असाच दिला होता. गाडीवर चढवण्याआधी त्या माणसाने फाटकातच हातोडीने ट्यूबची मान फोडली, मानेभोवतीचं तांबं काढायला. हवा आत शिरताना झालेला तो सुस्कारा मला अजून आठवतो. काचेत शिसं असतं, आणि तिचे तुकडे आमच्या फाटकापाशी आठवडाभर सापडत होते. तुमच्या ४०० रुपयांत याच तांब्याचा भाव आहे.

सिंकमास्टरचं गिऱ्हाईक वेगळं आहे, त्याची जाहिरातही वेगळी करा. कॉम्प्युटरचा मॉनिटर सेकंदाला निदान ३१,५०० च्या आसपास रेषा मागतो, म्हणजे टीव्हीच्या दुप्पट. निन्टेन्डो किंवा सेगा त्याला थेट जोडलं तर चित्र येणारच नाही. पण डॉसचे गेम, विंडोज ९८ चे गेम खेळणाऱ्याला नेमका असाच हवा असतो. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरशेजारी तो शोभतो आणि चालतो. सेगाचं ड्रीमकास्टही योग्य केबलने त्यावर छान दिसतं. याचे पैसे सोनीच्या मानाने थोडेच येतील. "गेमिंग मॉनिटर" असं मोघम लिहू नका. कुणीतरी मारिओ खेळायला म्हणून घेऊन जाईल आणि रात्री तुम्हाला फोन येईल.

तुम्ही लिहिलंय त्यावरून भाच्याने सोनी थेट प्लगला लावून चालू केला. एकदा निभावलं, पण इतकी वर्षं पडून असलेलं यंत्र पुन्हा पुन्हा असं लावू नका. डबा टीव्ही दुरुस्त करणारा एखादा जुना मेकॅनिक शोधा, दोन-तीनशे रुपये द्या आणि आत उंदीर-झुरळांनी काही केलंय का, कपॅसिटर फुगलेत का, ईएचटीच्या (ट्यूबला जास्त व्होल्ट पुरवणाऱ्या भागाच्या) आसपास ओल किंवा काजळी आहे का, एवढं बघून घ्या. झाकण तुम्ही किंवा भाच्याने उघडायचं नाही. चालू ट्यूबवर २०,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ साठून राहतो. या एका गोष्टीत मी कुणालाच सवलत देत नाही, भाचा इंजिनिअरिंगला असला तरीही.

मेकॅनिकने बरं म्हटलं की चाचणी घरीच करा. जुना डीव्हीडी प्लेअर पुरतो. त्याची पिवळी पिन, म्हणजे कंपोझिट, पीव्हीएमला थेट बसणार नाही, कारण याला मागे बीएनसीची गोल सॉकेट आहेत, पण सीसीटीव्ही बसवणाऱ्याच्या दुकानात ती जोडणारी पिन अगदी स्वस्तात मिळते. अर्धा तास चालू ठेवा, कारण थंड ट्यूबचे रंग आणि फोकस स्थिरावायला वेळ लागतो. मग पूर्ण पांढरं चित्र लावा आणि कोपऱ्यांत बघा. रंगाचे डाग दिसले तर समोरचं डिगॉसचं बटण दाबा. "धुम्म" असा आवाज होऊन चित्र हलेल आणि बहुतेक वेळा डाग जातील. जवळ स्पीकर ठेवला असेल तर आधी तो हलवा. पडद्यावर एकाच जागी फिकट आकडे कायमचे उमटलेत का, हेही बघा. एडिटिंगच्या मॉनिटरवर टाइमकोड, म्हणजे चित्राच्या वेळेचे आकडे, वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात असतो, त्यामुळे तिथेच आधी नजर टाका. ब्राइटनेस वाढवल्यावर चित्र फुगत असेल, अंधाराचं दृश्य राखाडी दिसत असेल, अक्षरं पसरत असतील, तर ट्यूब किंवा आतला एखादा भाग थकलाय. तसं असलं तरी विकता येतो, फक्त लिहून विकायचा.

फोटो चालू पडद्याचेच हवेत. मोबाइलने काढलेल्या फोटोत काळे पट्टे येतात आणि बघणाऱ्याला वाटतं मॉनिटर बिघडलाय. कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर शटर १/५० वर ठेवा, पट्टे बरेचसे जातील. खोलीतला दिवा बंद, फ्लॅश बंद. एक फोटो समोरून, एक मागच्या सॉकेटांचा, एक मॉडेलच्या पट्टीचा आणि एक पांढऱ्या पडद्याचा, ज्यात ती रेघ स्पष्ट दिसेल. हो, मुद्दाम दिसेल असाच. पडद्याला काच पुसायचा स्प्रे मारू नका, लेप असला तर खराब होईल. जरासं ओलं मऊ फडकं पुरे.

जाहिरातीचा मजकूर साधारण असा करा : "सोनी पीव्हीएम-१४एम२ई. लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगला एकाच मालकाकडे वापरलेला. कंपोझिट इनपुट तपासलेला, चित्र येतं. आरजीबी तपासलेलं नाही, आपली केबल आणून तपासावं. पडद्यावरची बारीक आडवी रेघ ट्रिनिट्रॉनची आहे, दोष नाही. मिरजेत घरी येऊन, चालू करून, बघून न्यावा. कुरियर नाही." जे तपासलं नाही ते तपासलं नाही म्हणून लिहिलंत की तपासलेल्या गोष्टींवर लोकांचा विश्वास बसतो.

भावाचं काय? परदेशी साइटवर डॉलरमध्ये मोठे आकडे दिसतील. सोनीचा एफडब्ल्यू९०० हा २४ इंची रुंद मॉनिटर तर हजारो डॉलरला जातो. ते आकडे रुपयांत करून इथे लावू नका. ते बहुतेक मागितलेले भाव असतात, मिळालेले नव्हे, आणि तिथलं गिऱ्हाईक मिरजेला येणार नाही. तुमच्याकडे खरा आकडा एकच आहे, पुण्याच्या मुलाचे १८,०००. मला तो प्रामाणिक वाटतो. मॉनिटर अर्धा तास नीट चालला आणि टाइमकोडचा डाग नसला तर त्याहून थोडं जास्त सांगून दोन-तीन आठवडे थांबायला हरकत नाही. डाग असला किंवा रंग फिके असले तर १८,००० मागू नका, तुम्हीच त्याला आधी फोन करून खरं सांगा. घर रिकामं करायची तारीख डोक्यावर आहे हे मात्र कुणाला बोलू नका.

त्या मुलाला कुरियरचं "नाही" म्हणा, पण माणूस तोडू नका. वजन पंधरा किलोच्या वर, त्यातलं बहुतेक पुढच्या काचेत. खोकं एकदा आपटलं की बाहेरून काही दिसत नाही आणि आत मान तडकलेली असते. मग पैसे परत मागायचे त्याने, आणि सिद्ध करायचं तुम्ही. ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पाठवण्याचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. त्याला म्हणावं, तूच ये. कार असेल तर उत्तम : मॉनिटर मागच्या सीटवर, पडदा सीटच्या पाठीकडे, पट्टा लावून. कार नसेल तर मित्राला घेऊन कोयना एक्सप्रेसने येऊ दे आणि बसायची जागा धरून, मॉनिटर पायाशी ठेवून जाऊ दे. उचलताना पडदा आपल्या छातीकडे, म्हणजे वजन अंगालगत राहतं. येताना त्याने आपलं मशीन आणि केबल आणावी, तुमच्या घरी बसून तासभर खेळून बघावं, पैसे तिथेच द्यावेत. खात्यात जमा झाल्याचं तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये बघा, त्याच्या मोबाइलवरच्या हिरव्या टिकवर जाऊ नका. विकल्यावर परत घेणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

मेकॅनिकने एखादा मॉनिटर गेलाच म्हणून सांगितलं तर भंगारवाल्याकडे जाण्याआधी तोच "पार्टसाठी" म्हणून जाहिरातीत टाका. दुसऱ्या कुणाचा तरी त्यावर जगेल. तेही झालं नाही तर ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्या. आणि व्हीसीआर सापडला तर तो एवढ्यात विकू नका. बाबांच्या कॅसेटींत तुमच्या घरातलं काही असेल तर ते आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, कारण कॅसेटची फीत दरवर्षी खराब होत जाते.

राहिले बाबा. तुम्ही त्यांना "विकू का" असं विचारलंत. ज्या यंत्रासमोर त्यांनी रात्री जागून गावातली लग्नं जोडली, त्याच्याबद्दल या प्रश्नाला दुसरं काय उत्तर देणार? उठून गेले, कारण "नको" म्हणायला फ्लॅटमध्ये जागा नाही हे त्यांना कळतं.

आता गंमत बघा, घेणारा मुलगा तुम्हाला जे विचारणार आहे त्यातलं तुम्हाला काहीच माहीत नाही. मॉनिटर रोज किती तास चालायचा, नवा घेतला होता की जुना, कधी दुरुस्त केला का, टाइमकोड कुठल्या कोपऱ्यात असायचा, मागची कुठली पिन कशाला. हे सगळं एकाच माणसाला माहीत आहे. तेव्हा विकण्याचा विषय तूर्त काढूच नका. बीएनसीची पिन आणि डीव्हीडी प्लेअर घेऊन त्या खोलीत बसा आणि बाबांना हाक मारा : "बाबा, हे जोडायचं कसं?" ते येतील. जोडून देतील, रंग लावून देतील, एखादी जुनी कॅसेट काढून लावतीलही. त्या वेळी त्यांनी "हा राहू दे" म्हटलं तर फक्त सिंकमास्टर विका. १४ इंची डबा फ्लॅटच्या एका कोपऱ्यात मावतो. "जाऊ दे" म्हटलं तर पुण्याचा मुलगा येईल त्या दिवशी मॉनिटर त्यांनाच चालू करू द्या. त्याचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. चहाचं तुम्ही बघा.